एकाच परिपथाची तपासणी : बॅटरी, चार्जिंग आणि सेल्फ

(प्रस्तावना)

मोटारगाडीची किल्ली फिरवल्यापासून इंजिन सुरू होईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्या वेळात लहान पेट्रोल गाडीची बॅटरी शंभर ते दोनशे अँपिअर करंट देते. मोठ्या डिझेल इंजिनाला याच्या कितीतरी पट लागतो. घरातल्या छताच्या पंख्याला अर्धा अँपिअरही पुरतो, यावरून या आकड्याचा आवाका कळेल. इंजिन सुरू झाले की व्यवहार उलटा होतो. बेल्टच्या ओढीने इंजिन अल्टरनेटर फिरवते. अल्टरनेटर दिवे, पंप, पंखे आणि गाडीतले संगणक चालवतो आणि उरलेल्या विजेतून बॅटरीला तिचे देणे परत करतो. बॅटरी, स्टार्टर म्हणजे गॅरेजच्या भाषेत सेल्फ, आणि चार्जिंग यंत्रणा यांची प्रकरणे पाठ्यपुस्तकांत वेगवेगळी असतात, दुकानांत त्यांचे कारागीरही वेगवेगळे असतात. गाडीत मात्र हा एकच परिपथ आहे.

तपासणीची सगळी अडचण यातूनच निर्माण होते, कारण दोष एका जागी असतो आणि लक्षण दुसऱ्या जागी दिसते. अल्टरनेटरचा एक डायोड गेला, चार्जिंग अपुरे झाले, बॅटरी हळूहळू उतरली आणि एका सकाळी सेल्फ फिरेना. मालक सेल्फची तक्रार घेऊन येतो आणि नवी बॅटरी बसवून जातो. पंधरा दिवसांनी ती नवी बॅटरीही उतरते. दोष दूर झालेला नसतो, फक्त पुढे ढकललेला असतो. खर्च मात्र दोनदा होतो. म्हणून या विषयात ‘कोणता भाग खराब आहे?’ याच्या आधी ‘परिपथात वीज कुठे अडते, कुठे गळते आणि कुठे कमी पडते?’ हा प्रश्न विचारावा लागतो.

एक साधा हिशेब येथेच मांडणे उपयोगी ठरेल. दीडशे अँपिअर एक सेकंदभर वाहिले, तर खर्च होतो सुमारे ०.०४ अँपिअर-तास. पस्तीस अँपिअर-तासांच्या बॅटरीतील साठ्याचा हा आठशेव्या भागाहूनही लहान अंश आहे आणि चांगला अल्टरनेटर तो मिनिटभरात भरून काढतो. म्हणजे इंजिन सुरू करण्यासाठी साठा फारसा लागत नाही; लागते ती एका क्षणात मोठा प्रवाह देण्याची क्षमता. बॅटरीत किती वीज शिल्लक आहे आणि ती एका दमात किती देऊ शकते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पूर्ण चार्ज असलेली पण म्हातारी बॅटरी दुसऱ्या प्रश्नात नापास होते. तरुण पण उतरलेली बॅटरी पहिल्या प्रश्नात. पहिलीला बदलावे लागते, दुसरीला नुसते चार्ज करावे लागते. तपासणीच्या जेवढ्या पद्धती आजवर पुढे आल्या, त्या याच दोन प्रश्नांची उत्तरे आपापल्या परीने देतात, आणि त्यांच्यातले बरेच वाद हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे झाले आहेत.

शिसे-आम्ल बॅटरी मोटारगाडीपेक्षा जुनी आहे. फ्रान्सच्या गास्ताँ प्लान्ते यांनी ती १८५९ मध्ये तयार केली आणि कामिय फोर यांनी १८८१ मध्ये शिशाच्या जाळीत लेप भरलेल्या प्लेटा बनवून ती कारखान्यात काढण्याजोगी केली. तत्त्व तेव्हापासून बदललेले नाही. धन प्लेट शिशाच्या डायऑक्साइडची, ऋण प्लेट सच्छिद्र शिशाची, मध्ये पातळ गंधकाम्ल. वीज घेतली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते आणि आम्लाचे पाणी होत जाते; चार्ज केले की क्रिया उलटते. एका सेलचे व्होल्टेज साधारण २.१, अशा सहा सेलची मिळून १२.६ व्होल्टची बॅटरी.

पहिल्या मोटारींना मात्र तिची गरज क्वचितच पडे. इंजिन हँडल मारून सुरू करत, ठिणगी मॅग्नेटो देई, दिवे कार्बाइडच्या वायूवर जळत. हँडल उलटे फिरून मनगट किंवा हात मोडणे हा त्या काळातला नित्याचा अपघात होता. तो टळला चार्ल्स केटरिंग यांच्या विजेच्या स्टार्टरमुळे, जो कॅडिलॅकने आपल्या १९१२ च्या गाड्यांत बसवला. आजच्या अभ्यासकाने त्या रचनेकडे मुद्दाम पाहावे असे तिच्यात काही आहे. एकच यंत्र इंजिन सुरू करताना मोटर म्हणून चाले आणि नंतर जनित्र म्हणून बॅटरी भरी. त्याच बॅटरीवर दिवे आणि ठिणगीही चालत. म्हणजे सुरुवात, चार्जिंग आणि साठवण या तीन गोष्टी जन्मतःच एकत्र होत्या. पुढे मोटर आणि जनित्र वेगळे झाले, कारण दोघांची कामे परस्परविरोधी आहेत: एकाने क्षणभर प्रचंड जोर लावायचा, दुसऱ्याने तासन् तास थोडे थोडे द्यायचे. शंभर वर्षांनी ते पुन्हा एकत्र येऊ लागले आहेत. सौम्य हायब्रिड मोटारींत बेल्टवरचे एकच यंत्र दोन्ही कामे करते आणि होंडाच्या अ‍ॅक्टिव्हासारख्या आपल्या रस्त्यांवरच्या लाखो स्कूटरांत आवाज न करता इंजिन सुरू करणारा जनित्र-स्टार्टर आला आहे. अशा स्कूटरवर वेगळा सेल्फ शोधत बसणाऱ्या कारागिराला जुना नकाशा उपयोगी पडत नाही.

मधल्या काळात दोन बदल महत्त्वाचे झाले. १९५० च्या दशकात मोटारगाड्या सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर आल्या. मोठ्या इंजिनांना जास्त शक्ती हवी होती, आणि तीच शक्ती दुप्पट व्होल्टेजवर निम्म्या करंटमध्ये मिळते. दुसरा बदल डायनामोच्या जागी आलेल्या अल्टरनेटरचा. डायनामो इंजिन मंद फिरत असताना जवळजवळ काहीच देत नसे. सिग्नलला उभ्या गाडीचे दिवे बॅटरीच्या जिवावर जळत. शिवाय इंजिन बंद पडताच बॅटरी डायनामोत उलटी रिकामी होऊ नये म्हणून कटआउट लागे. जुन्या फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर गाड्यांच्या कारागिरांचे कौशल्य मोठ्या प्रमाणावर या कटआउट-रेग्युलेटरच्या डबीतले स्पर्शबिंदू घासण्यात आणि त्यांच्या स्प्रिंगा जुळवण्यात खर्च होई. स्वस्त सिलिकॉन डायोड मिळू लागल्यावर क्रायस्लरने १९६० मध्ये अल्टरनेटर सर्वसाधारण मोटारीत आणला. उलटा प्रवाह डायोडच अडवतात, त्यामुळे कटआउट गेला. मंद वेगातही चार्जिंग मिळू लागले. भारतात लुकास-टीव्हीएस ही कंपनी १९६१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे स्टार्टर व अल्टरनेटर कित्येक पिढ्यांच्या कारागिरांनी उघडले, भरले आणि बसवले. गॅरेजमध्ये अल्टरनेटरला अजूनही डायनामो म्हणतात. त्याला हरकत नाही. मात्र डायनामोच्या काळातल्या तपासणीच्या सवयी अल्टरनेटरला लावल्या, तर नुकसान होते.

त्यातली सर्वांत घातक सवय म्हणजे चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढून ‘इंजिन चालू राहिले म्हणजे चार्जिंग ठीक’ असा निर्णय देणे. बॅटरी परिपथातील व्होल्टेजच्या उसळ्या सोसून घेते. ती अचानक निघाली की अल्टरनेटरचे व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी चढते आणि डायोड, रेग्युलेटर किंवा इंजिनाचा संगणक जळू शकतो. तपासणीची एवढी किंमत देऊन हाती काय लागते? अल्टरनेटर काहीतरी देतो, एवढेच. किती देतो, भार वाढल्यावर टिकतो का, डायोड शाबूत आहेत का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. तारेचे टोक टर्मिनलला टेकवून ठिणगी पाहणे ही दुसरी सवय. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांच्या वर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. डोळ्यांत आम्ल गेलेले कारागीर या धंद्यात आजही भेटतात. या दोन सवयी सुटल्या पाहिजेत, याबाबत कोणतीही सवलत देता येत नाही.

तपासणीच्या परंपरांपैकी सर्वांत जुनी रसायनाची आहे. डिस्चार्ज होताना आम्लाचे पाणी होत असल्यामुळे आम्लाची घनता मोजली की शिल्लक साठा कळतो, आणि हायड्रोमीटर हे त्याचे उपकरण. पूर्ण चार्ज बॅटरीत घनता साधारण १.२६५ ते १.२८० असते, उष्ण प्रदेशात प्लेटांची झीज कमी व्हावी म्हणून ती मुद्दाम थोडी कमी ठेवतात. भारतीय मानकांत ही नोंद २७ अंश सेल्सिअसला घेतात आणि तापमान वेगळे असेल तर दर अंशामागे सुमारे ०.०००७ ची दुरुस्ती करतात. या पद्धतीचे एक बलस्थान आजही कोणत्याही महागड्या यंत्राला गाठता आलेले नाही: ती सहाही सेल वेगवेगळे तपासते. पाच सेल १.२५० आणि एक १.१८० दाखवत असेल, तर निदान तिथेच झाले. सीलबंद बॅटऱ्या आल्या आणि हायड्रोमीटरची नळी आत जाईनाशी झाली. त्यांच्यावरचा हिरवा डोळा एकाच सेलची अवस्था दाखवतो, त्यामुळे उरलेल्या पाचांपैकी एखादा मेला असेल तरी डोळा हिरवाच राहतो.

सेलपर्यंत पोहोचता येत नसेल तेव्हा व्होल्टेजवरून साठ्याचा अंदाज करतात. बॅटरी काही तास शांत राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे पाव शिल्लक, असा ठोकताळा आहे. ‘शांत राहिल्यावर’ ही अट विसरली की सगळा हिशेब चुकतो. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीची बॅटरी पृष्ठभागावरच्या चार्जमुळे १२.८ किंवा त्याहून अधिक दाखवते. हेडलाइट मिनिट-दोन मिनिटे लावून, मग बंद करून थोडा वेळ थांबल्यावर खरा आकडा समोर येतो.

दुसरी परंपरा भाराची. तिचे म्हणणे थोडक्यात असे: बॅटरीला जे काम करायचे आहे तेच तिच्याकडून करवून घ्या आणि ती किती वाकते ते पाहा. रबरी पेटीच्या जुन्या बॅटऱ्यांत सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वर उघड्या असत. दोन टोकांचा सेल टेस्टर त्यांवर दाबून प्रत्येक सेलवर भार टाकत. पुढे कार्बनच्या चकत्यांचा लोड टेस्टर आला. बॅटरीच्या थंडीतल्या क्रँकिंग क्षमतेच्या निम्मा करंट पंधरा सेकंद ओढायचा आणि सुमारे २१ अंश तापमानाला व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ द्यायचे नाही, ही या परंपरेची प्रसिद्ध कसोटी. तिचा निकाल बॅटरीवाल्यांना आजही सर्वांत पटतो, कारण तो डोळ्यांसमोर घडतो. मात्र बॅटरी आधी किमान पाऊण चार्ज असली पाहिजे. उतरलेल्या बॅटरीवर लोड मारून तिला मेलेली ठरवणे हा अन्याय आहे आणि तो रोज होतो.

तिसरी परंपरा विद्युतवहनाची. अमेरिकेतील कीथ चॅम्पलिन यांना १९७५ मध्ये मिळालेल्या पेटंटपासून तिचा व्यवहारातला इतिहास सुरू होतो. बॅटरीत अगदी लहान, उलटसुलट होणारा प्रवाह सोडायचा आणि आतल्या प्लेटा तो किती सहज वाहू देतात ते मोजायचे. जाळी गंजली, सल्फेट साठले, प्लेटांवरचा लेप झडला की ही सहजता कमी होते. काही सेकंदांत छापील निकाल देणारी आजची हातातली यंत्रे याच तत्त्वावर चालतात. वॉरंटीचे दावे निकाली काढताना कंपन्यांना ती प्रिय आहेत, कारण कारागिराच्या हाताचा त्यात संबंध राहत नाही. तरीही यंत्राला बॅटरीचा प्रकार आणि तिची छापील क्षमता सांगावी लागते, आणि तिथेच भारतात गोंधळ होतो. अमेरिकी मानकातील क्रँकिंग क्षमता उणे १८ अंशांना तीस सेकंद आणि ७.२ व्होल्ट या अटींवर ठरते. युरोपीय आणि जपानी मानकांच्या अटी वेगळ्या. आपल्याकडच्या अनेक बॅटऱ्यांवर क्रँकिंगचा आकडा नसतोच. अँपिअर-तास असतात किंवा ३८बी२०एल यांसारखा जपानी पद्धतीचा क्रमांक. चुकीचे मानक निवडले तर यंत्र चांगल्या बॅटरीला बाद ठरवते आणि तो निर्णय कागदावर छापलेला असल्यामुळे कोणी शंका घेत नाही. हे यंत्र बॅटरी एका दमात किती देईल हे चांगले सांगते. रात्रभर किती पुरेल हे तितके चांगले सांगत नाही.

या तीन परंपरांची स्पर्धा अनेक पुस्तकांत रंगवलेली असते. प्रत्यक्ष कामात मात्र सर्वाधिक दुर्लक्ष होते ते चौथ्या गोष्टीकडे, तारांतल्या आणि सांध्यांतल्या व्होल्टेजच्या घटीकडे. समजा, टर्मिनल आणि क्लॅम्प यांच्यामध्ये पांढरा क्षार जमून ०.०१ ओहम रोध तयार झाला. साध्या मल्टिमीटरवर तो शून्यच दिसेल. हेडलाइटचे दहा अँपिअर त्यातून गेले तर ०.१ व्होल्टची घट होते. दिवा लख्ख लागतो. सेल्फचे दोनशे अँपिअर जाऊ लागताच घट दोन व्होल्टची होते आणि सेल्फ कण्हू लागतो. ‘दिवे व्यवस्थित लागतात म्हणजे बॅटरी चांगली, म्हणजे सेल्फ खराब’ हा तर्क नेमका येथे फसतो. आतून तुटलेल्या आणि एका तंतूवर टिकलेल्या केबलचेही तसेच. प्रवाह वाहत नसताना तिच्या टोकाला पूर्ण १२.६ व्होल्ट दिसतात. यावर उपाय सोपा आहे. मीटरची एक काडी बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरी सेल्फच्या मुख्य बोल्टवर लावून किल्ली मारायची. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर दोष त्या वाटेवर आहे. अर्थच्या बाजूला, बॅटरीचा ऋण खांब आणि सेल्फचे शरीर यांच्यामध्ये, ०.२ व्होल्टच्या वर जाऊ नये. मग एकेक सांधा घेऊन घट कुठे आहे ते शोधता येते. यासाठी पाचशे रुपयांचा मीटर आणि ओहमचा नियम पुरतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणि गोव्यात खारी हवा टर्मिनल आणि अर्थचे बोल्ट इतक्या लवकर खाते, की तेथील कारागिराने दिवसाची सुरुवात याच तपासणीने करावी.

स्वतः सेल्फच्या बाबतीत करंट आणि वेग एकत्र पाहिले की निदान जवळजवळ आपोआप होते. फिरत्या मोटरमध्ये उलटे व्होल्टेज तयार होते आणि ते करंटला आवर घालते; मोटर जितकी सावकाश फिरेल तितका करंट जास्त. म्हणून सेल्फ मंद फिरतो आणि करंट खूप ओढतो, तर दोष सेल्फच्या आत किंवा इंजिनात आहे: बुश झिजून आर्मेचर घासत असेल, वाइंडिंग शॉर्ट असेल किंवा इंजिन जड फिरत असेल. सेल्फ मंद फिरतो आणि करंटही कमी, तर वाटेत रोध आहे किंवा मोटरचे कार्बन (ब्रश) संपले आहेत. नुसती टक्-टक् ऐकू आली, तर सोलेनॉइडच्या दोन वेटोळ्यांकडे पाहावे लागते. एक वेटोळे प्लंजर ओढते, दुसरे त्याला धरून ठेवते. बॅटरी कमजोर असली की ओढले जाते, पण धरले जात नाही. मोटर घरघरते आणि इंजिन फिरत नाही, तेव्हा सेल्फचे दाते फ्लायव्हीलमध्ये अडकवणारा बेंडिक्स सुटलेला असतो किंवा फ्लायव्हीलच्या कड्याचे दाते गेलेले असतात.

चार्जिंगकडे वळले की व्होल्टेजचा आकडा पुन्हा फसवू लागतो. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले म्हणून कारागीर समाधानी होतो, पण एक डायोड गेलेला अल्टरनेटरही रिकाम्या भारावर इतके दाखवू शकतो. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर लावून, इंजिन थोडे वेगात ठेवून पाहावे. मग व्होल्टेज घसरते का ते दिसते, आणि क्लॅम्प मीटरने प्रत्यक्ष करंट मोजता येतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून अधिक लहर दिसली, तर डायोडवर संशय घ्यावा. उलट बाजूला, सतत पंधरा व्होल्टच्या वर जाणारे चार्जिंग बॅटरीतले पाणी उडवते आणि प्लेटा जाळते. गंधकाचा वास आणि फुगलेली पेटी ही त्याची खूण. दुचाकीत कायमचुंबकी जनित्र असल्यामुळे जास्तीची वीज रेग्युलेटर-रेक्टिफायरला उष्णतेच्या रूपात गिळावी लागते. तो आणि त्याचा प्लग वारंवार जळतो, हे दुचाकी दुरुस्त करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

ऑसिलोस्कोपने या विषयाला नवे डोळे दिले आहेत. सेल्फचा करंट पडद्यावर लाटेसारखा दिसतो. प्रत्येक सिलिंडर कॉम्प्रेशनवर येताना एक शिखर उठते. एखादे शिखर बुटके निघाले तर त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी आहे, आणि हे प्लग न काढता कळते. अल्टरनेटरच्या लहरीतला खड्डा कोणत्या प्रकारचा दोष आहे ते सांगतो. ही पद्धत अजून मोठ्या कार्यशाळांपुरती मर्यादित आहे; उपकरणे स्वस्त होत असल्याने ती लवकरच गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पोहोचेल.

हा विषय आजच इतका निकडीचा का झाला, याची कारणे गाडीच्या बदललेल्या स्वभावात आहेत. जुन्या बजाज चेतकच्या अनेक मॉडेलांत बॅटरीच नव्हती. किक मारली की मॅग्नेटो ठिणगी देई आणि दिवा इंजिनाच्या वेगाबरोबर मंद-प्रखर होई. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर सतत जळतो. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ च्या निकषांमुळे दुचाकींतही इंधन इंजेक्शन जवळजवळ सर्वत्र आले. पंप, इंजेक्टर आणि संगणक यांना स्थिर व्होल्टेज लागते, आणि बऱ्याच दुचाकींवरची किकही गेली. मोटारींत क्रँकिंगच्या वेळी व्होल्टेज जरा जास्त कोसळले, की एखादा संगणक चुकीचा बिघाड-कोड नोंदवतो आणि कारागीर कमजोर बॅटरीऐवजी सेन्सर बदलत बसतो. सिग्नलला इंजिन बंद करणाऱ्या गाड्यांना एजीएम किंवा ईएफबी प्रकारची बॅटरी लागते. तिच्या जागी साधी बसवली तर ती लवकर संपते. अशा अनेक गाड्यांत अल्टरनेटरने किती व्होल्ट द्यायचे हे संगणक ठरवतो. त्यामुळे चालू इंजिनावर १२.७ व्होल्ट दिसणे हा दोष असेलच असे नाही, आणि ‘चार्जिंग मेले’ म्हणून चांगला अल्टरनेटर काढला जातो.

उभ्या गाडीतली गळती हाही याच काळाचा प्रश्न. गाडी बंद केल्यावर आतले संगणक अर्ध्या ते एका तासात झोपी जातात. त्यानंतर साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह मान्य धरतात. हा प्रवाह दिवसाला १.२ अँपिअर-तास खातो, म्हणजे पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात रिकामी. २०२० च्या टाळेबंदीत पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या असंख्य निर्दोष गाड्या याच कारणाने बंद पडल्या. खरोखर गळती असेल, बाहेरून बसवलेला स्टीरिओ, ट्रॅकर किंवा कॅमेरा रात्रभर जागा असेल, तर दोन-तीन रात्रीही पुरतात. ती शोधताना दार उघडले किंवा टर्मिनल सोडले की संगणक जागे होतात आणि मोजमाप फसते. त्यामुळे फ्यूजवरची सूक्ष्म व्होल्टेज-घट मोजणे ही अधिक शहाणी वाट आहे.

उष्णतेचा विचार भारतीय पुस्तकात वेगळा करावाच लागतो. परदेशी साहित्य थंडीला शत्रू मानते. विदर्भात मे महिन्यात हवाच ४५ अंशांच्या आसपास असते, बॉनेटखाली त्याहून कितीतरी अधिक. तापमान दहा अंशांनी वाढले की आतल्या झिजेचा वेग अंदाजे दुप्पट होतो. नागपूरची बॅटरी उन्हाळ्यात खंगते आणि डिसेंबरच्या सकाळी, इंजिनातले तेल घट्ट असताना, बंद पडते. तपासणीचा योग्य महिना म्हणूनच पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा दिवाळीच्या आधी येतो. ट्रक आणि एसटीच्या चोवीस व्होल्टच्या गाड्यांत आणखी एक गुंतागुंत असते. दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात. त्यांतल्या एकीवरून टेपसाठी बारा व्होल्ट काढले, की ती कायम उपाशी आणि दुसरी कायम अतिचार्ज राहते. दोन्ही वेगवेगळ्या तपासल्याशिवाय हे दिसत नाही.

चुकीच्या निदानाची किंमत ग्राहकाच्या खिशापुरती राहत नाही. बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून मोठा भाग शिसे आणि त्याची संयुगे यांचा असतो. जुनी बॅटरी नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रात गेली तर ते शिसे परत मिळते. उघड्यावरच्या भट्टीत गेली तर धूर आणि आम्ल आसपासच्या मातीत आणि मुलांच्या रक्तात जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे, तरी भंगाराची वाट अजून पूर्ण बंद झालेली नाही. नुसते चार्ज करून वाचणारी प्रत्येक बॅटरी ही त्या भट्टीत न गेलेली बॅटरी असते.

प्रस्तुत पुस्तक औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थी, गॅरेजमधील कारागीर आणि आपल्या गाडीबद्दल सजग असलेला मालक या तिघांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. त्याची मांडणी उपकरणांच्या क्रमाने नसून तपासणीच्या क्रमाने आहे: आधी डोळा, नाक आणि हात, मग बॅटरीचा साठा, ती उतरलेली असेल तर चार्ज, मग तिची क्षमता, मग सेल्फ आणि त्याच्या वाटा, मग चार्जिंग, आणि शेवटी गळती. हा क्रम मोडू नये असा आग्रह पुस्तकभर आहे, कारण उतरलेल्या बॅटरीवर केलेली पुढची प्रत्येक नोंद खोटी ठरते. चार्जिंगलाही वेळ द्यावा लागतो. पस्तीस अँपिअर-तासांच्या रिकाम्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने दहा तासांहून अधिक लागतात; वीस मिनिटे इंजिन चालू ठेवून ती भरत नाही. शब्द शक्यतो गॅरेजमधलेच वापरले आहेत. कंपनीने दिलेली मर्यादा उपलब्ध असेल तेथे तीच प्रमाण मानावी; पुस्तकातले आकडे ती हाताशी नसतानासाठी आहेत. आर्मेचर भरणे, अल्टरनेटर उघडून दुरुस्त करणे हे बेंचवरचे काम येथे घेतलेले नाही.

विजेवर चालणाऱ्या मोटारींचा समावेश एका मर्यादेपर्यंत आहे. त्यांत सेल्फ आणि अल्टरनेटर नसले, तरी बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि तिला मोठ्या बॅटरीतून परिवर्तक चार्ज करतो. ती उतरली, तर मोठ्या बॅटरीला जोडणारे काँटॅक्टर जुळत नाहीत आणि पूर्ण भरलेली गाडीही जागची हलत नाही. या बारा व्होल्टच्या बाजूची तपासणी जवळजवळ नेहमीच्याच पद्धतीने होते आणि ती पुस्तकात सविस्तर आली आहे. नारिंगी केबलच्या पलीकडची, काही शेकडो व्होल्टची बाजू मात्र पूर्णपणे बाहेर ठेवली आहे. तिच्यासाठी वेगळे प्रशिक्षण, इन्सुलेटेड हातमोजे आणि वीज तोडून शून्य व्होल्ट मोजून खात्री करण्याची ठरलेली पद्धत लागते, आणि ती पद्धत प्रत्यक्ष शिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकली पाहिजे.